कवचावरून कुळाचा शोध



ईजिप्तमधील पिरॅमिडांच्या चुनखडकात मसुरीच्या आकाराच्या असंख्य चकत्या दिसतात. बांधकामावरील मजुरांच्या अन्नातील उरलेले दाणे दगड झाले, अशी लोकसमजूत स्ट्रेबो या ग्रीक भूगोलवेत्त्याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदविली आहे. वस्तुतः ती न्युम्युलाइट या एकपेशीय सागरी जीवांची कवचे होत. हे जीव फोरामिनिफेरा, म्हणजेच ‘छिद्रधारी’, या समूहात मोडतात. यांतील बहुतेक इतके सूक्ष्म असतात की सूक्ष्मदर्शकाखेरीज त्यांचे अंतरंग उलगडत नाही.

१८२६ मध्ये आल्सिद द’ऑर्बिन्यी या फ्रेंच शास्त्रज्ञाने कवचातील कोष्ठांच्या मांडणीवरून त्यांचे वर्गीकरण केले. परंतु त्यांची गणना त्याने माकूल, नॉटिलस यांच्या वर्गात केली. १८३५ मध्ये फेलिक्स द्युजार्दँ याने हे जीव अगदी साध्या रचनेचे असल्याचे दाखवून ती चूक दूर केली.

पुढे कवचाच्या भित्तीकडे लक्ष गेले. काही जीव वाळूचे कण चिकटवून घर बांधतात. काहींची चुनकवचे चिनी मातीसारखी दुधी व अपारदर्शक असतात, तर काहींची काचेसारखी नितळ आणि बारीक छिद्रांची असतात. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या फ्युजुलिनांची भित्ती सूक्ष्म चुनकणांची असे. बाह्य आकार फसवा ठरू शकतो. म्हणून मोठ्या जातींसाठी खडकाचा पारदर्शक होईल इतका पातळ काप घासून अंतर्रचना तपासतात.

या काटेकोरपणाला व्यावहारिक मोल आहे. तेलविहिरीतून वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यातही ही इवली कवचे पुष्कळदा शाबूत राहतात. विशिष्ट जाती विशिष्ट कालखंडातच वावरल्या, म्हणून त्यांवरून थराचे वय ठरते. जातीचे नाव चुकले की वय चुकते आणि पुढील वेधनाचा अंदाजही ढासळतो. १९७४ मध्ये मुंबईनजीकच्या समुद्रात ‘मुंबई हाय’ येथे ज्या थरांत तेल लागले, ते मायोसीन काळातील चुनखडक होते. असे थर जुळविताना भूवैज्ञानिकांना फोरामिनिफेरांची साक्ष मोलाची ठरते.

तथापि साम्य म्हणजे नाते नव्हे. जिवंत जातींच्या जनुकांचा अभ्यास करून २०१३ मध्ये जी मांडणी पुढे आली, तीत वाळूचे कण जोडणाऱ्या अनेक जाती काचकवची जातींच्या आप्त ठरल्या. भित्तीच्या द्रव्यापेक्षा कोष्ठ गोलाकार की नळीसारखे, हा भेद अधिक मूलभूत दिसून आला. द’ऑर्बिन्यीने ज्या कोष्ठांकडे प्रथम पाहिले, त्यांना असे नव्याने महत्त्व लाभले.

परंतु कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत जनुके उरत नाहीत. लुप्त झालेल्या कुळांची ओळख पटविण्यास कवच हाच एकमेव दस्तऐवज आहे. तो जितक्या सावधपणे वाचला जाईल, तितका सागराचा गतेतिहास विश्वासार्ह ठरेल.