फुटबॉल क्लब : मालकी कोणाची, कर्ज कोणाचे?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळ हा आपल्या अभ्यासवर्गाचा नेहमीचा विषय नव्हे. परंतु ज्या खेळाचे कित्येक क्लब इंग्लंडमध्ये गिरण्या, रेल्वेचे कारखाने आणि गोद्या यांच्या सावलीत वाढले, त्या खेळात आज पैसा कसा उधळला जातो आणि अखेर बिल कोणाच्या नावे फाडले जाते, हे पाहिले म्हणजे मालकीचा प्रश्न पुस्तकातल्यापेक्षा लवकर उमगतो, असा माझा अनुभव आहे.

पोर्टस्मथ हे ब्रिटिश नौदलाच्या गोदीचे शहर. तेथील क्लबाने २००८ साली एफ. ए. चषक जिंकला. ऐपतीबाहेरचे पगार देऊन जमविलेल्या खेळाडूंच्या बळावर मिळालेला तो विजय होता. दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, फेब्रुवारी २०१० मध्ये, कर्ज फेडता न आल्यामुळे क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. प्रीमियर लीगमधल्या क्लबावर अशी पाळी प्रथमच आली. देणे होते दहा कोटी पौंडांहून अधिक. आता गंमत पाहा. लीगच्या नियमानुसार अशा वेळी खेळाडूंचे पगार व इतर क्लबांची देणी पूर्ण चुकती करावी लागतात. उरलेल्या सावकारांच्या पदरात जे पडेल ते पडेल. या उरलेल्यांत कोण होते? गावातले लहान दुकानदार, सरकारी करखाते, आणि सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर उभे राहून प्रथमोपचार करणारी सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ही स्वयंसेवकांची संस्था! करखात्याने या नियमाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, पण २०१२ साली ते हरले.

मँचेस्टर युनायटेडची कथा याहून सफाईदार आहे. २००५ साली अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना तो क्लब घेतला. त्यातील मोठी रक्कम कर्जाऊ होती, आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबाच्याच डोक्यावर चढविण्यात आला. ज्याला विकत घ्यायचे त्यानेच आपली किंमत व्याजासह फेडायची, असा हा व्यवहार. संतापलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी ‘एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा नवा क्लब काढला. तेथे प्रत्येक सभासदाला एकच मत.

पोर्टस्मथमध्येही अखेर लोकच पुढे आले. क्लब तोवर पार चौथ्या श्रेणीत घसरला होता. दोन हजारांहून अधिक लोकांनी हजार-हजार पौंडांचे भाग घेतले, काहींनी मिळून एकेक घेतला, आणि एप्रिल २०१३ मध्ये चाहत्यांच्या न्यासाने क्लब ताब्यात घेतला. पुढील वर्षी जुनी देणी फिटली. २०१७ साली त्याच क्लबाने चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळविले.

जर्मनीत हे नियमातच बसविलेले आहे. १९९८ पासून क्लबांना कंपनी काढण्याची मुभा मिळाली, परंतु निम्म्याहून एक अधिक मत मूळ सभासद-संस्थेकडेच राहिले पाहिजे, ही अट घालून. तिच्यासाठी जर्मन भाषेत ‘फेराइन’ हा शब्द आहे. भाषांतरकार म्हणून मी त्यासाठी ‘मंडळ’ हाच शब्द पसंत करीन. कोल्हापूरची तालीम मंडळे फुटबॉल संघ चालवितात, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तो सांगावा लागत नाही. लेव्हरकुसेन व वोल्फ्सबुर्ग येथे कारखान्यांच्या मालकीला सूट आहे, आणि लाइपझिगमध्ये मताधिकार असलेले सभासद वीस-पंचवीसच ठेवून नियमाला बगल देण्यात आली आहे. तरीही लीगच्या प्रक्षेपण-उत्पन्नाचा वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याची योजना पुढे आली, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामन्यामागून सामना थांबविला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती योजना मागे घ्यावी लागली.

पण सभासदांची मालकी म्हणजे शहाणपणाची हमी, असे मी म्हणणार नाही. बार्सिलोना हा लाखाहून अधिक सभासदांचा क्लब. २०१७ साली नेमार २२.२ कोटी युरोंना पॅरिसला गेल्यावर त्या रकमेवर नवे खेळाडू घेण्याची जी घाई झाली, तिच्यात आणि पुढच्या पगारांत क्लब असा बुडाला की २०२१ साली देणे १३५ कोटी युरोंवर पोहोचले व मेस्सीला ठेवून घेता आले नाही. सभासद निवडणुकीत मत देतात. हिशेबाच्या वह्या मधल्या वर्षांत त्यांच्यापुढे कितपत उघडल्या जातात, ही निराळी गोष्ट. एप्रिल २०२१ मध्ये धनाढ्य क्लबांनी जी ‘सुपर लीग’ जाहीर केली, तीत सभासदांच्या मालकीचे बार्सिलोना आणि रेआल माद्रिद हे दोघेही होते. बायर्न व डॉर्टमुंड मात्र नव्हते.

आणि पोर्टस्मथ? २०१७ साली तेथील भागधारकांनी मोठ्या बहुमताने क्लब अमेरिकन उद्योगपती मायकेल आइझनर यांना विकला. मैदान जुने होते, दुरुस्तीचा खर्च मोठा होता, वरच्या श्रेणीचे स्वप्न तर होतेच. त्यांना मी दोष देत नाही. फक्त एवढे नोंदवितो की, विकायचे की नाही हे या खेपेस त्यांना विचारावे लागले. २०२० साली मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीचे ८० टक्के भाग एका उद्योगसमूहाकडे गेले. तेव्हा तेथे सामान्य सभासदांना काय विचारले गेले, हे कलकत्त्याहून आलेल्या साथींनी आता सांगावे. मी खाली बसतो.