पट्टा कां तुटतो ?

वाईहून पांचगणीकडे जातांना पसरणीच्या घाटांत जुन्या मोटारीचा पट्टा तुटला, तर धन्याची मोठी फजिती होते. अशा मोटारींत बहुधा एकच पट्टा वीज उत्पन्न करणारें यंत्र व पाण्याचा पंप हीं दोन्ही फिरवितो. तो तुटला कीं बॅटरी भरणें थांबतें, पाणी खेळेनासें होतें आणि ऐन चढावर एंजिन तापतें. नवा पट्टा घातला, तरी थोड्याच दिवसांत त्याचीहि तीच गत होते. दोष पट्ट्यास मिळतो. पुष्कळदां खरा अपराध पुलीचा असतो.

सातारा-सांगलीकडे पट्टा-पुलीचा व्यवहार जुनाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं तेव्हांच्या औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्यांत डिझेल एंजिनें तयार झालीं. विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत एंजिनाची शक्ति रुंद, सपाट पट्ट्यानें पोंचविली जाई. त्या पुलीचा मध्य किंचित् फुगीर ठेवीत व फिरता पट्टा आपोआप फुगवट्यावर येऊन बसे. त्यामुळें थोडी चूक खपून जाई. मोटारीचा पट्टा मात्र पाचरीच्या आकाराचा असून खांचेंत बसतो. खांच रेषेंत नसेल तर त्याची एकच बाजू झिजते, तो किंचाळतो, काळी भुकटी टाकतो आणि अखेर उलटतो किंवा तुटतो.

हा दोष बहुधा बदलाबरोबर येतो. एम. जी. बी. ही इंग्रजी स्पोर्ट्स मोटार १९६२ सालीं निघाली तेव्हां तींत डायनामो होता. १९६७ च्या सुमारास त्याच्या जागीं ऑल्टरनेटर आला. तेव्हांपासून अशा जुन्या गाड्यांवर मालक हौसेनें ऑल्टरनेटर चढवितात. परंतु त्याची लांबी व कान निराळे असल्यानें पुली एखाद्या सुतानें, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्यानें, पुढें-मागें राहते. दोन पुलींमधील दर फुटास इंचाचा दहावा भाग एवढीच चूक चालते, हा प्रचलित दंडक ध्यानांत घेतां एक सूतहि जास्तच ठरतें.

दुरुस्ती कठीण नाहीं. एंजिन बंद करून बॅटरीची तार सोडावी व पट्टा उतरवावा. एक सरळ, बारीक गज दोन पुलींच्या खांचांवरून आडवा धरावा. मुख्य दांड्याची व पंपाची पुली प्रमाण मानून ऑल्टरनेटरची पुली पाहावी. कडा कमीअधिक जाड असूं शकतात; म्हणून कडांवर न जातां खांचांचे मध्य जुळवावे. पुली समांतर पण मागें-पुढें असेल, तर बोल्टावर योग्य जाडीचे वायसर घालून ती सरकवावी. ती तिरकी असेल, तर वायसरांनीं भागत नाहीं. कानाचें भोंक किंवा त्यांतील बुश झिजलेलें असतें, तें आधीं नीट करावें. ठोकून कान वांकविल्यास तो तडकतो.

बोल्ट आंवळल्यावर गज पुन्हां लावावा, कारण आंवळतांना ऑल्टरनेटर खेंचला जातो. मग पट्टा घालून त्याचा लांब भाग आंगठ्यानें दाबावा. सुमारें अर्धा इंच दबला म्हणजे ताण ठीक. फार ताणल्यास पंपाचें व ऑल्टरनेटरचें बेअरिंग जातें. थोडें अंतर चालवून ताण एकदां पुन्हां पाहावा. इतकें वाईसच करून घेतलें, तर पांचगणीपर्यंतच्या चढावर पट्ट्याची धास्ती उरत नाहीं.