जॅक उचलतो, सांभाळत नाही



आजचा विषय दिसायला लहान, पण गाठ जिवाशी आहे. ट्रॉलीचे चाक पंक्चर होते, बेअरिंग जाते. आपण जॅक लावतो आणि खाली शिरतो. ‘दोन मिनिटांचं तर काम,’ असं म्हणतो. पण जॅक सुटायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. जॅकचे काम फक्त उचलण्याचे. उचललेले वजन धरून ठेवायचे ते घोडीने, म्हणजे लोखंडी स्टँडने. तेलाच्या जॅकमध्ये सारा भार कोंडलेल्या तेलावर असतो. आतले सील गेले की तेल सुटते आणि जॅक खाली बसतो. स्क्रूचा जॅक तसा बसत नाही, पण धक्का लागला तर कलंडतो.

विकत घेताना जॅकवरचा टनांचा आकडा वाचा. उचलायच्या वजनापेक्षा तो चांगला जास्त हवा. स्टँडवरचा आकडा एकाचा की जोडीचा, हेही दुकानदाराला विचारा. तेल गळणारा जॅक वापरू नका.

आता काम कसे करायचे ते पाहू.

१) ट्रॉली आधी रिकामी करा. ऊस भरलेली ट्रॉली जॅकवर घेऊ नका.

२) जागा सपाट, टणक निवडा. काळ्या रानात जॅक रुततो. खाली जाड, रुंद फळी घाला.

३) ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा. ब्रेक लावा, इंजिन बंद करून गिअर टाका, किल्ली खिशात ठेवा. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

४) चाकाचे नट जमिनीवरच थोडे ढिले करा. वर उचलल्यावर जोर लावला तर गाडी हलते.

५) जॅक अ‍ॅक्सलखाली सरळ उभा लावा. गरजेपुरतेच उचला, लगेच घोडी लावा आणि भार हळूच तिच्यावर टेकवा. मग हलवून पाहा.

ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल मधल्या खिळीवर डोलतो. तो उचलण्याआधी अ‍ॅक्सल आणि सांगाडा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका.

तुम्ही म्हणाल, घोडी नसेल तर? जाड, चौकोनी लाकडी ठोकळे आडवे-उभे रचा. विटा किंवा दगड रचू नका. वीट भाराने एकदम फुटते. रस्त्यात काहीच नसेल, तर जादा चाक सांगाड्याखाली आडवे सरकवा. जॅक सुटला तरी भार चाकावर येईल. पण तेवढ्या आधारावर खाली शिरू नका.

हायड्रॉलिकवर उचललेल्या नांगराचेही असेच. फाळ बदलायचा तर नांगर आधी भक्कम ठोकळ्यांवर टेकवा.

आणि मुलांना कामाजवळ फिरकू देऊ नका. घोडीला पैसे लागतात खरे, पण ती एकदाच घ्यायची असते.