राज्यांचे पंचशील



१९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत परमपूज्य बाबासाहेब पराभूत झाले, हे आपल्या जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी २६ ऑगस्टला ते राज्यसभेत जे बोलले, ते मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. भारत-चीन कराराला तेव्हा ‘पंचशील’ हे आपल्या धम्मातले नाव मिळाले होते. माओंची पंचशीलावर श्रद्धा असती तर स्वदेशातील बौद्धांशी ते निराळे वागले असते, असे बाबासाहेबांनी बजाविले. १९६२ साली चीनने आक्रमण केले.

आज हीच दोन राष्ट्रे तथागतांच्या नावाने जगाचे मन जिंकू पाहतात. २०२४ साली भारताने थायलंडला बुद्धधातू दर्शनार्थ पाठविले. वर्षअखेर चीननेही दंतधातू पाठविला. थाई उपासकांच्या श्रद्धेला मी दोष देत नाही.

परंतु बाबासाहेबांची कसोटी आपल्या राज्यालाही लावावयास हवी. बोधगयेच्या महाविहाराच्या व्यवस्थापन समितीत १९४९ च्या कायद्याने चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी! १९५६ साली धम्म स्वीकारणाऱ्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० पर्यंत तिष्ठावे लागले. आता धर्म ‘बौद्ध’ लिहिल्याने तो हक्क जात नाही. कोणत्याही कचेरीत तसे भय कोणी दाखविल्यास १९९० च्या दुरुस्तीची नक्कल त्याच्यापुढे ठेवा.