आठव्या दिवसानंतर

जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेले वाचा-उपचार, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीतले माझे सहकारी, आणि मागच्या रांगांत बसलेल्या घरच्या माणसांनो,

ही परिषद पाचोऱ्यात भरते आहे, याचा मला फार आनंद आहे. मेंदूला मार बसलेल्या माणसांविषयी बोलायला आपण एरवी मुंबई-पुण्याला जातो. ती माणसं मात्र इथे राहतात.

एका भावाबद्दल सांगते. जिनिंगमध्ये कामाला होता. भडगाव रोडने मोटारसायकलवर घरी येताना पडला. हेल्मेट नव्हतं. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आणि दोन महिन्यांनी त्याची बायको त्याला माझ्याकडे घेऊन आली. मी टेबलावर किल्ली, कंगवा आणि स्टीलचा पेला ठेवला. त्याने किल्ली उचलली, हवेत कुलूप उघडल्यासारखी फिरवली. वस्तू ओळखू येत होती, शब्द सापडत नव्हता. ‘याला काय म्हणतात?’ मी विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला, डोळ्यांत पाणी आलं. असे तीन आठवडे गेले आणि प्रत्येक वेळी मी कागदावर शून्य मांडलं. चौथ्या आठवड्यात त्याच्या बायकोला राहवलं नाही. तिने किल्ली त्याच्यासमोर धरली आणि घरात बोलतात तसं विचारलं, ‘हाई काय शे?’ तो म्हणाला, ‘किल्ली.’

माझा प्रश्न पुस्तकी मराठीत होता आणि त्याचं घर अहिराणीत होतं. त्या दिवसापासून मी चाचणीचा कागद बाजूला ठेवून आधी घरची बोली विचारते. पण माझ्या एकटीच्या वहीतल्या नोंदींना संशोधन म्हणता येत नाही. वाचा गेलेल्या अहिराणी, तावडी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाला कसं तपासायचं, त्याचा कोणता शब्द आधी परततो, हे कुणीतरी पैसे, माणसं आणि वेळ देऊन शोधायला हवं. त्यासाठी कायद्याचं बळ लागतं. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाचा विचार आपल्या कायद्याने केला आहे, हे आनंदाने सांगायला हवं. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका धावते. जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. त्याच कायद्याच्या कलम १६२ खाली मे २०२५ मध्ये केंद्राने योजना अधिसूचित केली: रस्ते अपघातातल्या जखमीला दीड लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून सात दिवस, रोख पैसे न भरता उपचार. ज्यांनी जखमीला खाटेवर ठेवून दागिने गहाण टाकायला धावणारी माणसं पाहिली आहेत, त्यांना या सात दिवसांचं मोल कळतं.

मला आठव्या दिवसाची काळजी आहे. हाड सहा आठवड्यांत सांधतं. मेंदू महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षं सावरत राहतो, आणि त्या काळात त्याला रोज काम द्यावं लागतं: गिळायला, उभं राहायला, बोलायला, रागाच्या आधी थांबायला शिकवावं लागतं. हे सगळं सात दिवसांच्या पलीकडचं आहे.

शिवाय सगळ्यांची डोकी रस्त्यावर फुटत नाहीत. उन्हाळ्यात धाब्यावर झोपलेले म्हातारे रात्री लघवीला उठतात आणि खाली पडतात. लिंबाचा पाला तोडताना पोरं पडतात. आणि घरातल्या मारहाणीत जिचं डोकं भिंतीवर आपटलं गेलं, ती बाई ‘न्हाणीघरात पाय घसरला’ असं सांगते आणि आपण तसंच लिहून घेतो. मोटार वाहन कायदा यांच्यापैकी कुणाच्याही उपयोगाचा नाही.

मग दिव्यांग हक्क कायद्याकडे वळावं लागतं. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. तो ७ फेब्रुवारी १९९६ ला लागू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेने केवळ मेंदूच्या इजेसाठी स्वतंत्र कायदा केला. प्रतिबंध, संशोधन आणि राज्यांमधल्या सेवा या तिन्हींसाठी त्यात पैशाची तरतूद केली आणि पुढे वेळोवेळी मुदत वाढवून तो चालू ठेवला. आपल्या २०१६ च्या नव्या कायद्यात सातचे एकवीस प्रकार झाले. ही मोठी मजल आहे. मेंदूविकाराने वाचा गेली तर त्यात जागा आहे, हातपाय गेले तर आहे. पण डोक्याला मार लागल्याने ज्याची आठवण, समज आणि स्वभाव बदलला, त्याच्या इजेचं नाव त्या एकवीसमध्ये नाही. त्याला दुसऱ्या कुठल्यातरी नावाखाली बसवावं लागतं.

त्या भावाला दिव्यांगत्वाच्या तपासणीसाठी नेलं तेव्हा त्याला चालायला लावलं, मूठ आवळायला लावली. ‘हातपाय तर चांगले चालतात,’ असं ऐकवलं. गॅस पेटवून तो विसरतो, पोराने ताट वाजवलं तरी अंगावर धावून जातो, हे त्याची बायको सांगत होती. ते लिहायला कागदावर रकाना नव्हता. टक्केवारी चाळीसच्या खाली आली आणि जिथे जिथे चाळीस टक्क्यांची अट आहे ते सगळे दरवाजे बंद झाले. त्याच कायद्याचं कलम २० म्हणतं की सरकारी नोकरीत असताना कुणाला दिव्यांगत्व आलं तर त्याला कामावरून काढता येणार नाही. उत्तम आहे. पण जिनिंगमधल्या माणसाला हंगाम संपायच्या आत दुसरा कुणीतरी मिळालेला असतो.

कलम २७ पुनर्वसनाचं आहे आणि कलम २८ संशोधनाचं, म्हणजे आपल्याला हवं ते बीज कायद्यात आहे. मात्र पुनर्वसनाच्या कलमात शासनाने हे ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ करावं असं म्हटलं आहे, आणि ती मर्यादा तालुक्यापर्यंत पोहोचेतो संपलेली असते. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण थेरपी आठवड्यातून तीनदा घ्यायची असते. पूर्वी शेंदुर्णी-पहूरकडची माणसं पीजेच्या, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या छोट्या रेल्वेगाडीने पाचोऱ्याला यायची. २०२० पासून ती बंद आहे. आता जाऊन-येऊन भाड्यात एका बाईची दिवसाची मजुरी जाते, आणि रुग्णाबरोबर आल्यामुळे तिचा रोजही बुडतो. तिसऱ्या आठवड्यात ती येईनाशी होते. आपण फाइलवर ‘रुग्णाने उपचार सोडले’ असं लिहितो. हे वाक्य मला फार टोचतं.

या विषयात आपल्या राज्याला अरुणा शानबाग यांचं नाव विसरता येणार नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या केईएममधल्या या परिचारिकेवर हल्ला झाला, गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्या १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात होत्या. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या मरणाच्या हक्कावर युक्तिवाद झाले, २०११ चा निकाल देशभर चर्चिला गेला. या जवळपास बेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कुशीवर वळवलं. ती सेवा कोणत्याही कलमाखाली नव्हती, त्या बायकांच्या मनातून आली होती. आज आपल्या घराघरांत तीच सेवा बायका, आया आणि सुना करत आहेत, पाळी बदलायला दुसरी कुणी नसताना.

म्हणून माझं मागणं असं आहे. मेंदूची इजा दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत स्वतःच्या नावाने यावी, आणि तपासणीत आठवण, समज, वागणूक यांना रकाना मिळावा. डोक्याला मार लागून दाखल झालेल्या प्रत्येकाची नोंद जिल्ह्यात एका ठिकाणी राहावी, घरी गेल्यावर सहा महिन्यांनी तो कसा आहे इथपर्यंत. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातले ठरलेले दिवस थेरपिस्ट असावा. आपल्या राज्याने २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला, तेव्हा दार ठोठावायचं कुठे हा प्रश्न उरलेला नाही. आणि एक गोष्ट तर मुंबईची वाट न बघता होईल: ग्रामपंचायतींनी पाच टक्के दिव्यांग निधीतून थेरपीला येणाऱ्यांचं एसटीचं भाडं द्यावं. इथे काही सरपंच बसले आहेत. त्यांना मी हात जोडून सांगते, पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या.

कार्यक्रमपत्रिकेत घरच्या माणसांचं सत्र शेवटी, साडेचारला ठेवलं आहे. संयोजकांना माझी विनंती आहे की ते आत्ता घ्यावं. ज्या ताईंनी ‘हाई काय शे’ विचारून मला माझं काम शिकवलं, त्या पहाटेच्या गाडीने आल्या आहेत आणि शेजारणीला नवऱ्याजवळ बसवून आल्या आहेत. त्यांना तीनच्या गाडीने परतायचं आहे. ताई, या, माईक इथे आहे. अहिराणीतच बोला.