तीन टिंबांचा घोटाळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर आणि केंद्र सरकारचे सेवक. संगणकावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. तथापि मारतहळ्ळीत राहून हा विषय टाळणे म्हणजे पंढरपुरात राहून वारी टाळण्यासारखे आहे.

२०१६ सालची गोष्ट. आमची कन्या येथील एका कंपनीत नुकतीच लागली होती. तिने लिहिलेला मजकूर कम्पायलर, म्हणजे माणसाची आज्ञा यंत्राच्या बोलीत उतरविणारा दुभाषी, स्वीकारीना. वरिष्ठ म्हणाले, 'चूक तुझीच.' रात्री ती रडकुंडीस आली, तेव्हा आम्हीही तेच सांगितले. नियमपुस्तिका चुकत नसते, वाचणारा चुकतो, हे आमचे पंचवीस वर्षांचे सरकारी ज्ञान!

लग्नपत्रिकेवर आपण 'सहकुटुंब' लिहितो. माणसे तीन की तेरा, हे मांडवात कळते. सी प्लस प्लस भाषेत २०११ साली प्रमाण झालेली व्हेरिअॅडिक टेम्प्लेट ही अशीच सोय. तीन टिंबे दिली की असतील तितक्या जणांसाठी दुभाष्याने ती ओळ उलगडावयाची. त्याच साली लॅम्डा हे बिननावाचे छोटे फंक्शनही प्रमाण झाले. कन्येने कुटुंबाचे नाव लॅम्डाच्या आत आणि टिंबे बाहेर लिहिली होती. नियमाने ते शुद्ध. परंतु जीसीसी नावाचा दुभाषी आतला लखोटा वाचतानाच 'टिंबे कोठे आहेत?' म्हणून अडून बसे. बाहेरच्या टिंबांपर्यंत तो पोचतच नसे.

चार दिवस एकेक ओळ गाळीत तिने तो मजकूर दहा ओळींवर आणला, तेव्हा दोष उघडा पडला. शोध करता हीच तक्रार २०११ सालीच कोणी नोंदविलेली आढळली. दुरुस्ती झाली ती २०१८ च्या आठव्या आवृत्तीत! आमच्या फायलींनाच नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. तोवर तिने तो भाग वेगळ्या, नाव दिलेल्या फंक्शनात लिहून काम भागविले.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या या जीसीसीचे अंतरंग कोणासही वाचता येते. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी त्यावर कार्यशाळाही घेतल्या.

त्या दहा ओळींचा कागद तिने रात्री आमच्या पानाशेजारी ठेवला. आम्हांस त्यातले अक्षर कळले नाही. मात्र 'आमचे चुकले' एवढे आम्ही म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, आमटी गार होते आहे."