एकोणऐंशी भागांचं आयुष्य

ऐंशीच्या दशकातल्या रविवारच्या सकाळी आठवतात का? रत्नागिरीत आमच्या आळीत टीव्ही एकच. अँटेना फिरवायला एक मुलगा कौलांवर आणि खाली पार पडवीपर्यंत दाटीवाटीनं बसलेले आम्ही. दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं. इंग्रजी निम्म्याहून अधिक डोक्यावरून जायचं, पण टोकदार कानांचा स्पॉक कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मालिका तेव्हाच जुनी होती, हे फार उशिरा कळलं. अमेरिकेत ती १९६६ साली सुरू झाली आणि १९६९ साली ७९ भागांवर बंद पडली. आपल्या ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांवर भाग झाले, तरी पिलावळ वाढली ती या ७९ भागांची. पुढे डझनभराहून अधिक चित्रपट आणि कितीतरी मालिका निघाल्या.

कशामुळे? एक तर पैशांची चणचण. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून माणसं झगमगत अदृश्य होऊन थेट खाली प्रकटतात, ही युक्ती काढली. भपका नाही म्हटल्यावर भार गोष्टीवर आला. आमच्या नमनात नाही का, एकाच पडद्यापुढे दरबारही उभा राहतो आणि अरण्यही! दुसरं म्हणजे अणुबॉम्बच्या धास्तीचे ते दिवस. त्या दिवसांत अमेरिकन कप्तानाच्या यानावर एक रशियन, एक जपानी वंशाचा आणि एक आफ्रिकी स्त्री अधिकारी म्हणून बसलेली. माणूस अजून तीनशे वर्षं जगणार आहे, हा दिलासा लोकांना हवा होता.

गोष्टी आपल्याकडेही होत्या. जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावानं ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि बक्षीस मिळवलं. पण रविवारची वाट पाहावी अशी मराठी विज्ञानमालिका काही माझ्या पाहण्यात आली नाही. ही खंत आहेच.

मध्यंतरी सुट्टीत नात आली होती. फोनवर तेच जुने भाग पाहत होती. म्हणाली, “आजोबा, या यानावर आपलं कुणीच नाही?”

“आहे की! १९६७ सालच्या एका भागात खान नावाचा उत्तर हिंदुस्थानातला माणूस शीतनिद्रेतून जागा होतो. काम मात्र मेक्सिकन नटानं केलंय.”

“मग काय करतो तो?”

“यान बळकावतो.”

“म्हणजे आपला एकच, तोही व्हिलन?” ती म्हणाली आणि पुढचा भाग लावला.